बेळगाव–निपाणी–अथणी–गोकाक: घरी विमान बांधणाऱ्यांच्या दारोदार

उद्यमबागवाला (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात होतं ते एकदाचं झालं. आपल्या सीमाभागात घरी विमान बांधायला घेतलेली माणसं आहेत हे इथल्या जुन्या सदस्यांना माहीत आहे. खरं प्रत्येकजण आपापल्या शेडमध्ये एकटा. एकाला दुसऱ्याचं काम बघायला मिळत नाही. फोनवर फोटो पाठवतात, पण फोटोत रिव्हेटची रांग सगळीच सरळ दिसते. म्हणून मामांना गाडीत घातलं आणि निघालो.

मामा म्हणजे एअरफोर्समधून निवृत्त झालेले एअरफ्रेम फिटर. आयुष्य पत्रा, केबल आणि सेफ्टी वायर यातच गेलं. सोबत त्यांची कापडी पिशवी. त्यात टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला लांब दांडीचा आरसा, स्टीलची पट्टी आणि एक जुनं रुपयाचं नाणं.

नावं-पत्ते मुद्दाम देत नाही. काहींची कागदपत्रं चालू आहेत, उगीच कुणी जाऊन दारात गर्दी करायला नको.

पहिला मुक्काम संकेश्वरच्या अलीकडं. हा पोरगा डिप्लोमावाला, हत्तरगीच्या एअरोस्पेस सेझमध्ये कामाला. तिथं एअरबसच्या विमानांचे सुटे भाग बनतात हे बेळगावकरांना सांगायला नको. दिवसभर मायक्रॉनमध्ये मोजणारा हा गडी रात्री घराच्या मागच्या खोलीत ॲल्युमिनियमची शेपटी बांधतोय. काम इतकं साफ की मामा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत. प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत, एकही बर्र (भोक पाडताना कडेला राहणारा कंगोरा) नाही. त्याचं दुखणं वेगळंच आहे, माल मिळत नाही. ६०६१-टी६ या जातीचा ॲल्युमिनियम म्हणून बाजारात पत्रा मिळतो, खरं सोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं की दुकानदार तोंडाकडं बघत बसतो. भंगार बाजारात चकचकीत पत्रा स्वस्तात मिळतो, तो त्यानं एकदाही घेतला नाही. "ऑफिसात सर्टिफिकेट नसलेला तुकडा मशीनवर चढत नाही, मग मी बसणार त्या विमानात कसा चढंल?" असं त्याचं म्हणणं. त्यामुळं काम महिनोन् महिने थांबतं. मला ते थांबणं आवडलं.

निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारीत गुरुजी आहेत, निवृत्त चित्रकला शिक्षक. ते लाकडी विमान करतायत, पिटनपोल एअर कॅम्परच्या धर्तीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह गावात बर्नार्ड पिटनपोल नावाच्या माणसानं १९२९ च्या सुमारास हे विमान फोर्डच्या मॉडेल ए मोटारीच्या इंजिनावर उडवलं. नकाशे आजही मिळतात आणि लोक आजही बांधतात.

वखारीत अजून तंबाखूचा वास आहे. भिंतीला टेकून पंखाच्या फासळ्या एकीमागं एक उभ्या, सगळ्या एकाच पाटावरच्या साच्यात केलेल्या. गुरुजींनी पाटावर पेन्सिलीनं आकार काढून कडेनं चुका ठोकल्यात, त्यात पट्ट्या बसवायच्या, कोपऱ्यावर प्लायचे त्रिकोण चिकटवायचे, दुसऱ्या दिवशी काढायचं. हे झालं सगळेच करतात ते. त्यांची जी गोष्ट मला भावली ती म्हणजे बरणी. प्रत्येक वेळी इपॉक्सी गोंद कालवला की त्याच घाण्यातून दोन फालतू तुकडे चिकटवून त्यावर तारीख घालून ठेवतात. चार दिवसांनी ते शिकंज्यात धरून मोडतात. लाकूड फाटलं तर घाणा पास. सांधा गोंदाच्या रेषेत स्वच्छ सुटला तर त्या दिवशी केलेली फासळी बाद. बरणीत मोडलेल्या तुकड्यांचा ढीग आहे आणि बाद फासळ्या वेगळ्या टांगल्यात. बहुतेक बाद फासळ्यांवर जून-जुलैच्या तारखा होत्या, त्यामुळं आता पावसाळ्यात गुरुजी चिकटवायचं काम बंद ठेवतात आणि नुसतं रंधा मारत बसतात.

तिथून चिकोडी, मग कृष्णेचा पूल ओलांडून कागवाड, उगार करत अथणीच्या बाजूला. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांनी जो काही वेळ खाल्ला त्याबद्दल बोलत नाही. मळ्यात पोचलो तर "बर्री, बर्री" (या, या) करत अख्खं घर बाहेर. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही, आणि जेवल्याशिवाय शेडचं कुलूप उघडणार नाही ही अट.

शेडमध्ये दोन आसनी, वरून पंख असलेलं, पूर्ण पत्र्याचं विमान आहे. या प्रवासात बघितलेल्यातलं सगळ्यात पुढं गेलेलं काम. मालक शेतकरी, ट्रॅक्टर-पंपसेटची सगळी दुरुस्ती स्वतः करणारे. डाव्या पंखाचा खालचा पत्रा लावून झालेला, उजव्याचा क्लिकोंनी, म्हणजे तात्पुरत्या पिनांनी, धरलेला. दोन दिवसांत रिव्हेट मारून बंद करायचा बेत होता. मामांनी पिशवी उघडली.

उजव्या पंखात आरसा घालून दीड तास गेला. एका फासळीच्या टोकाला रिव्हेटची भोकं पत्र्याच्या कडेला फार जवळ होती. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतर लागतं, म्हणजे ४ मिलिमीटरच्या रिव्हेटला ८. इथं पट्टी ६ दाखवत होती. पुढं ॲलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) केबल एका भोकातून जाते तिथं रबरी बुश नव्हता, केबल पत्र्यावर घासत होती. हातानं हलवलं की बारीक करकर ऐकू यायची. एका टर्नबकलच्या (केबल ताणायचा आट्यांचा जोड) बाहेर पाच आटे दिसत होते, तीनपेक्षा जास्त दिसायला नकोत. यातलं एकही पत्रा बंद झाल्यावर दिसलं नसतं.

मालकांचा चेहरा उतरला. मामा म्हणाले, "नाराज कशाला व्हायचं? आता सापडलं की. एकदा पत्रा मारला असता तर मग देवच बघणार होता."

मग मामांनी हळूच विचारलं, "आणि डावा पंख?" मालकांनीच ड्रिल आणून दिलं. संध्याकाळपर्यंत डाव्या पंखाचे दोन ओळी रिव्हेट काढून आत बघितलं. तिथं केबलला बुश होता. रिव्हेटचं अंतरही ठीक.

परतताना हारूगेरी–मूडलगीवरून गोकाक. तिथं कॉलेजची पोरं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारी छोटी विमानं करतात. गणपती आणि निवडणुका झाल्या की उरलेले फ्लेक्स, कोरोशीट यांच्या घरी येतात, एका पंखावर अर्धा पुढारी अजून हसतोय. छान उडवतात. त्यांच्यावर वेगळं लिहीन. करदंट घेतलं आणि घरी आलो.

आता माझं म्हणणं. आपल्याकडं हातांची कमी नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँकशाफ्टपासून हायड्रॉलिकपर्यंत काय होत नाही? कमी आहे ती दुसऱ्या डोळ्यांची. अमेरिकेत ईएए म्हणून घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना आहे, १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी काढलेली. त्यांच्यात टेक्निकल कौन्सेलर असतात, स्वतः विमान बांधलेले किंवा मेकॅनिक असलेले अनुभवी सभासद. बोलावलं की ते तुमच्या गॅरेजमध्ये येतात, काम बघतात, पैसे घेत नाहीत, आणि त्यांचं मुख्य सांगणं हेच की पत्रा किंवा कापड चढवण्याआधी बोलवा. त्यांचा ऑशकॉशचा मोठा मेळावा सगळ्यांना माहीत असतो, हे घरी येणारे लोक कुणाला माहीत नसतात. आपल्याला मेळावा नको, संघटना नको, नोंदणी नको. काही बंद करायच्या आधी एकमेकांना हाक मारूया, एवढंच.

---

कोल्हापुरी_झणका

एक नंबर! पुढारी पंखावर हसतोय हे वाचून चहा सांडला. गोकाकचा भाग लवकर टाका, खुर्ची टाकून बसलोय.

---

पोपटपंची

कशाला अमेरिकेचं कौतुक? राइट बंधूंच्या आधी १८९५ मध्ये आपल्या शिवकर बापूजी तळपदेंनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं होतं. आपल्याच ग्रंथांतून बांधा की.

---

प्रज्ञा_टिळकवाडी

पोपटपंची, तळपद्यांच्या त्या उड्डाणाचा त्या काळातला ठोस पुरावा हाती नाही. आणि 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ज्या ग्रंथाकडं तुमचा रोख आहे, त्याची बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये नीट गणितं मांडून तपासणी केली. त्यात वर्णन केलेली यानं उडू शकत नाहीत आणि मजकूरही विसाव्या शतकातला आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यापेक्षा आपल्याच संस्थांनी खरोखर उडवलेलं बघा. एनएएलनं (बेंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा) १९८० च्या दशकात अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटानच्या लाँग-ईझेडवरून हलकं विमान बांधलं होतं. हे लाँग-ईझेड मूळचं घरी बांधायचंच, फोम आणि काचतंतूचं. पुढं १९९३ मध्ये त्यांचं हंसा हे छोटं विमान उडालं.

उद्यमबागवाला, लेख फार आवडला. एक विचारायचं राहिलं: अथणीवाल्यांनी पंखाची लोड टेस्ट, म्हणजे वजन ठेवून ताकदीची चाचणी, केली आहे का? दिसायला चांगला आणि भार सोसणारा यात फरक असतो.

---

उद्यमबागवाला

ताई, केली नाही. त्यांचा विचार आहे साखरेच्या ५० किलोच्या पोत्यांनी करायचा, उगारला ओळख आहे म्हणे.

---

प्रज्ञा_टिळकवाडी

पोती चालतील, पण ५० किलोची नकोत. पंखावरचा भार मुळाशी जास्त आणि टोकाकडं कमी होत जातो, तो मोठ्या पोत्यांनी नीट वाटता येत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत ५ आणि १० किलो वाळू भरून, प्रत्येक पिशवी वजन करून, वर मार्करनं आकडा घालावा.

पंख उलटा ठेवायचा, मुळाशी विमानाला असतो तसाच जोड आणि स्ट्रट (पंखाला आधार देणारी तिरकी दांडी) द्यायचा. ४५० किलोचं विमान आणि ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट भार, धरला तर दोन्ही पंखांवर मिळून १,८०० किलो, म्हणजे एकावर ९००. पंखाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेगळा करावा लागेल, तो मी करून देते. पिशव्यांची रांग पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक टप्प्याला टोक किती वाकलं ते लिहायचं, भार काढल्यावर ते परत मूळ जागी आलं पाहिजे. परत आलं नाही तर पत्रा किंवा स्पार (पंखाचा मुख्य आडवा दांडा) कायमचा ताणला गेला. मोडण्याची मर्यादा याच्या दीडपट असावी लागते, पण ज्या पंखावर उडायचं तो पंख तिथपर्यंत नेऊ नका.

आणि कुणीही खाली वाकून बघायचं नाही. खाली लाकडी ठोकळे ठेवा.

---

गॅरेजवाला_निपाणी

गुरुजींची वखार माझ्या गॅरेजपासून दोन गल्ल्यांवर आहे आणि मला पत्ता नाही! आजच जातो. खरं इंजिनचं काय? विमानाचं तयार रोटॅक्स इंजिन परवडणार कुणाला? मारुती ८०० चं ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आपल्याकडं डोळे मिटून उघडतो आम्ही. ते का लावत नाहीत?

---

उद्यमबागवाला

लावणारे जगात आहेत. अमेरिकेत सुझुकीचंच एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, तिकडच्या जिओ मेट्रो गाडीतलं, लोकांनी हलक्या विमानांना लावलंय. अडचण इंजिनापेक्षा इंजिन आणि पंख्याच्या मधल्या जोडाची.

हिशेब असा: १.७ मीटर व्यासाचा पंखा ५,८०० आरपीएमनं थेट फिरवला तर टोकाचा वेग निघतो सेकंदाला ५१६ मीटर. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. म्हणजे नुसता गोंगाट, ओढ काही नाही. रोटॅक्स ९१२ मधल्या १०० हॉर्सपॉवरच्या मॉडेलला २.४३ ला १ असा गिअरबॉक्स असतो, पंखा २,४०० च्या आत फिरतो आणि टोक २१२ मीटरवर येतं. मारुतीला हा रिडक्शन आपणच करायचा. बेल्ट किंवा गिअर, आणि तीन सिलिंडरचे झटके त्या शाफ्टनं सोसायचे. गाडीत ते क्लच, टायर, रबर माउंट गिळतात. इथं थेट पंख्यावर. शाफ्ट कुठल्या आरपीएमला थरथरतो हे मोजल्याशिवाय कुणी बसू नये.

---

गॅरेजवाला_निपाणी

समजलं. जमिनीवर स्टँड करून चालवून बघायला कुणाची हरकत नाही ना? शंभर तास चालवू, उघडू, बेअरिंग बघू. विमानाला लावायचं का ते नंतर.

---

उद्यमबागवाला

तेच करा! पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहणार नाही अशी जाळी मात्र आधी. मामांना घेऊन येतो.

---

कायद्याचा_किडा

रंगाचा बेरंग करतो. हे सगळं जमिनीवर आहे तोवर ठीक. चाक उचललं की गाठ भारतीय वायुयान अधिनियम २०२४ शी, जो १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलाय. दोन आसनी आणि ४५० किलोच्या आतलं विमान मायक्रोलाइट या हलक्या विमानांच्या वर्गात बसू शकतं, पण बसतं म्हणून परवानगी लागत नाही असं नाही. नोंदणी, तपासणी, उडवणाऱ्याचा परवाना, उडायची जागा, सगळं डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) चौकटीतून. "शेतात थोडं दहा फूट उचलून बघतो" ही कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका.

कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण आहेच. स्वतः वैमानिक, कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते सगळ्यांनी बघितलं, आणि तरी नोंदणी व्हायला २०१७ उजाडलं.

गोकाकच्या पोरांनाही सांगा. आरसी विमानांनाही ड्रोन नियम २०२१ लागू. हिरव्या क्षेत्रात (आधी परवानगी लागत नाही तिथं) ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही, म्हणजे सांबऱ्याच्या (बेळगाव विमानतळाच्या) आसपास नकोच. आधी सरकारचा डिजिटल स्काय हा ऑनलाइन नकाशा बघायचा.

---

तवंदीघाट

किडेसाहेब, तुम्ही बरोबर बोलता खरं तुमच्यामुळं कुणी खिळासुद्धा ठोकणार नाही.

---

कायद्याचा_किडा

उलट आहे. खिळा कधी ठोकला याची वही ठेवा एवढंच सांगतोय. तपासायला येणारा अधिकारी बांधलेलं विमान बघतो, पण विश्वास ठेवतो तो वहीवर. तारीख, कुठला माल, कुठून आणला, फोटो, कुणी बघितलं. गुरुजींची बरणी म्हणजे उत्तम पुरावा आहे, तिचे फोटो काढून ठेवा. आणि मामांनी अथणीला जे तपासलं ते त्यांच्या सहीनिशी वहीत आहे का?

---

उद्यमबागवाला

आहे. मामांनी स्वतः लिहिलं, तीन दोष आणि डावा पंख उघडून बघितल्याची नोंद. खाली सही, जुना हुद्दा. मालकांनी त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, ते वेगळंच.

---

सांबऱ्याची_सून

मी बोलू का? आमचं घर विमानतळाच्या जवळ. फ्लाइंग स्कूलची छोटी विमानं दिवसभर डोक्यावरून जातात. मे २०२३ मध्ये त्यातलंच एक होन्निहाळजवळ शेतात उतरलं, आतले दोघं थोडक्यात वाचले. ती तर कारखान्यात बनलेली, शिकवणारा सोबत असलेली. तुम्ही वखारीत आणि मळ्यात बनवताय. हौस म्हणून ठीक आहे हो, पण घरच्यांना विचारलंय का कुणी? अथणीच्या वहिनी काय म्हणाल्या?

---

उद्यमबागवाला

वहिनी, तुमचा प्रश्न सगळ्यात रोकडा. अथणीच्या वहिनींनी मामांना बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "हे उडणार का?" मामा म्हणाले, "परवानगी आल्यावर, आणि आधी दुसरा शिकलेला माणूस उडवणार." त्यावर त्या म्हणाल्या, "मग करू देत. निदान रात्री घरात असतात."

गुरुजींनी तर आधीच ठरवलंय, विमान पूर्ण करायचं आणि उडवायचं नाही. शाळेच्या पोरांना बसवून दांडा हलवला की शेपटीचं काय हलतं ते दाखवायचं. मला ते कमी वाटत नाही.

---

प्रज्ञा_टिळकवाडी

सांबऱ्याच्या वहिनींच्या काळजीला एक आकडा जोडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर. या उंचीला हवेचं प्रमाण तापमान १० अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ३६ अंश असले तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,६०० फुटांवर आहोत असं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, पंख्याची ओढ घटते, धावण्याचं अंतर वाढतं. परदेशातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं उड्डाणाचं अंतर समुद्रसपाटीचं आणि थंडीचं असतं. ते वाचून कुणी मळ्यातला रस्ता मोजू नये.

---

तवंदीघाट

मामांचं ते नाणं कशाला होतं? सांगितलंच नाही.

---

उद्यमबागवाला

टकटक करायला. फायबर किंवा चिकटवलेल्या प्लायवर नाण्यानं हलकं ठोकत जायचं. नीट चिकटलेलं असेल तिथं खणखणीत आवाज, सुटलेलं असेल तिथं बद्द. गुरुजींच्या शेपटीच्या एका कोपऱ्यावर बद्द वाजलं. गुरुजींनी तिथं लगेच पेन्सिलीनं गोल काढला.

---

मार्केट_यार्ड

मी अडत दुकानदार, विमानातलं मला काही कळत नाही, सगळं वाचून काढलं मात्र. वजनाचं मगाचपासून चाललंय म्हणून विचारतो, पूर्ण विमानाचं वजन कुठं करणार? साखर कारखान्याच्या वे-ब्रिजवर?

---

उद्यमबागवाला

दादा, वे-ब्रिज कामाचा नाही. तो पाच-दहा किलोच्या टप्प्यात दाखवतो, आणि एकूण वजन कळून भागत नाही. तीन चाकांखाली तीन वेगळे काटे लागतात. प्रत्येक चाकावरचं वजन गुणिले ठरलेल्या रेषेपासूनचं अंतर, त्याची बेरीज भागिले एकूण वजन, की गुरुत्वमध्य कुठं पडतो ते निघतं. तो नकाशात दिलेल्या पट्ट्याच्या मागं गेला तर विमान सावरत नाही. शिवाय विमान अगदी लेव्हलमध्ये हवं. त्याला गवंड्याची पाण्याची नळी पुरते.

---

मार्केट_यार्ड

मग माझ्याकडं ३०० किलोचे प्लॅटफॉर्म काटे आहेत, ५० ग्रॅमपर्यंत दाखवतात. शेजारच्या दुकानातून तिसरा आणतो. छोट्या टेम्पोत बसतात. रविवारी यार्ड बंद असतं, कवा पण सांगा.

---

उद्यमबागवाला

देव पावला! इंजिन आणि सीट बसल्यावर करायचं, म्हणजे अजून वेळ आहे. त्याआधी लोड टेस्ट, प्रज्ञाताई येणार असतील त्या रविवारी. गॅरेजवाले निपाणीहून गुरुजींना घेऊन या, त्यांना पत्र्याचं काम बघायचंय आणि अथणीवाल्यांना लाकडाचं. वाळूच्या पिशव्या भरायला गोकाकची पोरं येतो म्हणालीत, जेवण मळ्यात.

दादा, तिन्ही काट्यांवर वजनमाप खात्याचा या वर्षीचा शिक्का आहे का तेवढं बघून ठेवा. वहीत काट्यांचे नंबर घालायचे आहेत.

---

मार्केट_यार्ड

दोघांवर आहे. तिसऱ्याचा विचारून सांगतो.